तांबीचं नाक

शिकारी कुत्रं म्हणजे वाऱ्यासारखं धावणारं कुत्रं, असा रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यात बहुतेकांचा समज होता. काकांचा नव्हता. तरुणपणी ते रानात शिकारीला जात. 1972 चा वन्यजीव कायदा आला तशी बंदूक गेली, कुत्र्यांचा नाद मात्र राहिला. मराठवाड्यातल्या कारवान कुत्र्यांचं कुणी कौतुक करू लागलं की ते म्हणायचे, "कारवान डोळ्यांनी धावतो रे. ससा झुडपात शिरला की त्याचा खेळ आटोपला. मला नाकाचं कुत्रं हवंय." आणि नाकाचं कुत्रं म्हणून घरात आलं काय, तर आमच्या गड्याने त्याच्या गावाहून उचलून आणलेलं, एक कान मोडलेलं तांबडं पिल्लू. तीच तांबी.

तिच्यासाठी काम तयारच होतं. आमच्या कवेलूंच्या घराच्या माळ्यावर रात्री उदमांजर यायचं. ते कवेलू सरकवायचं आणि पावसाळ्यात आम्ही घरभर भांडी मांडत बसायचो. त्याला मारायचं नव्हतं. कायद्यात ते बसत नव्हतं आणि आजीच्या राज्यात तर मुळीच नाही. दिवसा ते कुठल्या झाडावर झोपतं आणि छपरावर कुठल्या फांदीवरून उतरतं एवढं कळलं, की ती फांदी छाटून प्रश्न मिटणार होता.

उदमांजराच्या अंगाला सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. छत्तीसगडसारख्या धानाच्या मुलखात ही थट्टाच म्हणायची. आजी मध्यरात्री उठून बसायची, "एवढ्या रात्री दुबराज कुणी शिजत घातला गं?" आम्ही त्या वासाला फसायचो, तांबी फसत नसे.

माळ्यावरच्या त्याच्या बसायच्या जागी काकांनी गोणपाट टाकून ठेवलं. वास मुरला की त्याचा तुकडा दोरीला बांधून परसातून फरफटत चिंचेपर्यंत न्यायचा आणि दोरी फांदीवरून टाकून तो वर ओढून घ्यायचा. हे सगळं पहाटे किंवा दिवेलागणीला. जमीन दमट असली की वास धरून राहतो. रायपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तो बघता बघता उडून जातो. आधी ताजा माग, मग तासाभराचा, पुढे रात्रभर शिळा झालेला. बुंध्याशी पोचून, वर बघून भुंकली तरच कलेजीचा तुकडा. खोड ओरबाडत बसली तर काही नाही.

सुरुवातीला तांबी उलटा माग धरायची आणि थेट माळ्याच्या शिडीशी येऊन शेपटी हलवत उभी राहायची. काका चिडून दोरी खेचायचे. त्यावर ओसरीवर बसलेला गडी शांतपणे म्हणायचा, "ओला झन रोकव, काका." अडवू नका तिला. त्याचं म्हणणं असं, की कुत्रं चुकलं तर चुकू द्यावं, वास विरळ होत गेला की ते आपणच माघारी वळतं; गळ्याला हिसका बसला की मात्र ते जमीन सोडून मालकाचं तोंड बघायला लागतं. काकांनी शिकारीच्या गप्पा पुष्कळ सांगितल्या, पण तांबीचा खरा मास्तर हा गडीच, असं माझं मत आहे. काकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

एका पहाटे तिला खऱ्या मागावर सोडलं. चिंचेपाशी ती भुंकेल म्हणून आम्ही सरसावून उभे. ती भुंकलीच नाही. बुंध्याभोवती एक मोठी फेरी मारली, नाक वर करून वारा घेतला आणि कुंपणाकडे निघाली. "गेलं, विसरली सगळं," काका म्हणाले. कुंपणालगतच्या जांभळाखाली जाऊन तिने जो आवाज लावला, त्याने अख्खी गल्ली जागी झाली. टॉर्च मारला तर वर दोन डोळे चमकत होते. उदमांजर चिंचेवर चढून फांद्याफांद्यांनी जांभळावर गेलं होतं. आधी फेरी मारून ते पुढे सरकलंय का हे बघायचं तिला आमच्यापैकी कुणीच शिकवलं नव्हतं. छपरावर झुकलेली चिंचेची फांदी त्याच दिवशी तोडली आणि गळती थांबली.

तांबीची कीर्ती मग बूढापाऱ्यापर्यंत गेली. तिथल्या एका गृहस्थांकडे चोरी झाली, तेव्हा पोलिसांच्या आधी तांबीला बोलावणं आलं. तुटलेल्या कुलपाचा वास तिला रीतसर देण्यात आला. कुलूप हुंगून न हुंगल्यासारखं करून ती परसात गेली, पेरूच्या झाडाला फेरी मारली आणि वर बघून भुंकायला लागली. चोराचा पत्ता काही लागला नाही, पण रोज रात्री पेरू कोण खातं ते त्या गृहस्थांना समजलं, आणि शेजारच्या पोरांवरचा त्यांचा जुना आळ निघाला.