कोकणकड्यावर तीन पिढ्या

दिवाळी सरली की सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे पाय घरात ठरत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरातलीच तीन माणसे पाठीवर सॅक टाकून हरिश्चंद्रगडाला निघाली. बहात्तर वर्षांचे काका, पस्तिशीतला मी आणि अठरा वर्षांचा पुतण्या. काका हा गड पहिल्यांदा चढले ते १९७४ साली. "आता ही शेवटची खेप," असे डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहून बजावले होते.

माळशेज घाट चढून आले की खुबी फाटा लागतो. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून आम्ही खिरेश्वरला पोहोचलो. पुतण्याने मोबाइलमध्ये वाट उतरवून घेतली होती. काका हसून म्हणाले, "आमचा नकाशा म्हणजे गावातला गुराखी. तंबाखूची चिमूट दिली की तो खिंडीपर्यंत सोबत यायचा." त्यांच्या पाठीवर तेव्हा खाकी हॅवरसॅक असे, पायात कॅनव्हासचे बूट आणि झोपायला घोंगडी!

तोलार खिंडीतले वाघाचे शिल्प पाहून, रेलिंग धरून आम्ही कातळ चढलो. पुढे एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या लागतात. भलेभले वाट चुकतात ते इथेच. नेमके तेव्हाच कोकणातून धुके वर आले आणि दहा पावलांवरचे झुडूप दिसेना.

"आजोबा, मोबाइल दाखवतोय ना वाट, चला!" पुतण्या म्हणाला.

"मोबाइलला दिसत असेल. तुझ्या पायांना दिसते का?" एवढे बोलून काका खडकावर बसले आणि त्यांनी गूळ-शेंगदाण्यांची पुडी सोडली.

पुतण्या धुसफुसत बसला. पाऊण तासाने धुके विरले. आम्ही गुरांच्या वाटेला लागलो होतो. ती पुढे कारवीत शिरून उतारावर संपत होती. खरी वाट डावीकडे, पन्नास पावलांवर होती. पुतण्या काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने काकांची सॅक उचलून आपल्या छातीशी अडकवली.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत बर्फासारख्या पाण्यात भले मोठे शिवलिंग आहे. भोवतालच्या चार खांबांपैकी आज एकच शाबूत आहे. तोही पडला की कलियुग संपणार, असे लोक सांगतात.

दुपार कलताना कोकणकड्यावर आलो. आत वळलेला, नागफणीसारखा प्रचंड कडा आणि पायाखाली सारे कोकण! पावसाळ्यात नशीब असेल तर इथे ढगांवर गोल इंद्रधनुष्य दिसते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने त्याची नोंद केली होती. पण हा कडा जाणत्यालाही माफ करत नाही. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांना २०२०च्या जानेवारीत इथल्याच मोहिमेत प्राण गमवावे लागले.

मी आणि पुतण्या पोटावर सरपटत काठाशी गेलो. काका मात्र मागेच थांबले. एवढी पायपीट करून, शेवटच्या खेपेला! "या ना आजोबा," पुतण्या म्हणाला.

"नको रे. आता माझ्याच पायांचा भरवसा नाही."

पुतण्या क्षणभर घुटमळला. मग त्याने हात लांबवून मोबाइलमध्ये खालची दरी टिपली आणि सरपटत मागे येऊन काकांपुढे धरली. काका चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"अगदी तशीच आहे," ते म्हणाले.

सकाळी ज्या मोबाइलवरून वाद झाला, त्याच्यावर दोघे डोके जोडून बसले होते.

कसे जाल? कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गे खुबी फाटा, तिथून खिरेश्वर. चढाई चार ते पाच तास. घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट सोपी. गडाची उंची सुमारे १४२४ मीटर. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, म्हणून सरपण तोडू नये. मुक्कामाचे नियम आधी वनखात्याकडे विचारावेत.