पाहणाऱ्याचं काय जातं!

लग्नाला अजून पाच-सात वर्षं अवकाश असलेला माणूस हा लग्नाच्या बाबतीत सगळ्यात मोठा जाणकार असतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये एक चक्कर मारा. मी इथलाच माजी विद्यार्थी, आता इथेच शिकवतो आणि रात्री होस्टेलवर राउंडही घेतो. त्यामुळे अशा जाणकारांच्या दोन पिढ्या मी अगदी जवळून पाहिल्या आहेत.

पहिली पिढी आमची. २००९ साली मी सेकंड इयर मेकॅनिकलला होतो. वर्गात मुली तीन. त्यांच्याशी आमचं वर्षभराचं एकूण संभाषण "जर्नल दे ना" आणि "उद्या आणून देतो" एवढंच. होस्टेलमध्ये टीव्ही एकच, त्याचा रिमोट फायनल इयरवाल्यांकडे. त्या जुलैत एनडीटीव्ही इमॅजिनवर 'राखी का स्वयंवर' सुरू होतं आणि मेसमधलं पातळ वरण कसंबसं घशाखाली ढकलून सगळं होस्टेल टीव्ही रूममध्ये जमायला लागलं. राखी सावंतसमोर सोळा उमेदवार. एकेक जण येणार, तिच्यासोबत बसणार, गप्पा मारणार. गप्पा कसल्या! पहिलं वाक्य पाठ करून आलेला असायचा, दुसरं सुचायचं नाही, मग घाम पुसायचा. आणि इकडे आमच्या रूममध्ये नुसता गोंधळ.

"अबे बोल ना बे काहीतरी!"

"पोट्टा तं पार घामला!"

"याच्या जागी मी असतो ना..."

हे शेवटचं वाक्य म्हणणारा आमचा मित्र कॅन्टीनमध्ये कुणी मुलगी शेजारच्या टेबलावर बसली की चहा अर्धा टाकून उठायचा! पण टीव्हीसमोर तो एक्स्टर्नल एक्झामिनर होता. तुम्ही व्हायवाला बाहेर उभे असता ना, तसंच. आतला फसला की बाहेरच्याला आधी हसू येतं, मग विचारतो, "काय विचारलं बे?" फरक एवढाच, की व्हायवाला नंतर आपलाही नंबर असतो. टीव्हीपुढे नसतो. पाहणाऱ्याचं काय जातं!

हा प्रकार काही आपला नव्हे. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर डिसेंबर १९६५ मध्ये 'द डेटिंग गेम' सुरू झाला. एक मुलगी, मधे आडोसा, पलीकडे तीन मुलं. एकमेकांचं तोंड न पाहता प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून एकाला निवडायचं. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८५ साली त्याच धर्तीवर 'ब्लाइंड डेट' आलं, ते २००३ पर्यंत चाललं. सिला ब्लॅक ही गायिका ते सादर करायची. तिथे आणखी एक गंमत होती. निवडलेली जोडी फिरायला पाठवायची, आणि पुढच्या आठवड्यात दोघांनी येऊन एकमेकांबद्दल काय वाटलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. खरी मजा तिथेच होती. जमलं तर लोक टाळ्या वाजवणार, नाही जमलं तर त्याहून जास्त खूश होणार.

म्हणजे साठ वर्षांपूर्वीच टीव्हीवाल्यांना कळलं होतं की दोन अनोळखी माणसं अवघडून बसलेली पाहायला लोकांना आवडतं. बाकी मग तंत्र. तासन्‌तास शूटिंग करायचं, त्यातली काही मिनिटं दाखवायची. पाण्याचा घोट घ्यायला माणूस दोन सेकंद थांबला, तर तिथे टिकटिक असं संगीत टाकायचं, कुणाचा तरी पडलेला चेहरा जोडायचा, झाली "ऑकवर्ड डेट" तयार. सॅम्पलिंग शिकलेल्या मुलांना हे सांगायला नको. सॅम्पल कुठे घ्यायचं हे ज्याच्या हातात, सिग्नल त्याच्या मनासारखा.

इथपर्यंत सगळी करमणूक आहे. पण त्याच जुलैत मी दोन दिवस घरी गेलो. आमचं गाव आमगावकडे. रोवणीचे दिवस, बायका दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी परतलेल्या, आणि आमच्या घरी डिश असल्यामुळे शेजारच्या काकू, मावशी सगळ्या राखी पाहायला हजर. त्यांची प्रतिक्रिया होस्टेलपेक्षा वेगळी होती. कुठला मुलगा घामला, कुठला अडखळला, यात त्यांना रसच नव्हता. त्या बघत होत्या राखीला. "बाई बाई, पोरगी सोता पोरं पाहून राह्यली!" कुणाला कौतुक, कुणाला राग, पण नजर सगळ्यांची तिच्यावरच. माझी ताई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "काही असो, तिले कोणी चालून दाखव तं म्हणत नाही."

खोलीत एकदम शांतता. कारण ताईला आधीच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा 'पाहून' गेले होते. आणि चालून दाखव म्हणाले होते.

आमच्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे काय, ते इथल्या मुलांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. बैठकीत पाहुणे, दारात शेजारी, खिडकीत पोरं. मधे मुलगी, हातात पोह्यांचा ट्रे. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. पहिल्या वेळी ताई विचारलं तेवढंच बोलली. पाहुणे गेल्यावर निरोप आला की मुलगी फारच गप्प आहे. दुसऱ्या वेळी ताईने ठरवून दोन प्रश्न उलट विचारले. लग्नानंतर नोकरी करू द्याल का, आणि घरी कोण कोण असतं. साधे प्रश्न. निरोप आला, "पोरगी भल्ली बोलते." एकाच मुलीबद्दल दोन निकाल, आणि दोन्हींत नापास! त्या दोन्ही वेळी मुलगा काय बोलला हे मात्र मला आजही कुणी सांगू शकत नाही. कारण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

त्यानंतर टीव्हीवरचे असले कार्यक्रम पाहताना मी पडद्याकडे कमी आणि पाहणाऱ्यांकडे जास्त पाहायला लागलो. २ ऑगस्ट २००९ ला राखीने टोरांटोच्या एलेश परुजनवालाला निवडलं. लग्न न करता साखरपुडाच केला, तर टीव्ही रूम पेटून उठली. "फसवलं बे!" पुढे ते मोडलं तेव्हा तर "आम्ही म्हटलं होतं" असं म्हणायला सगळे तयार. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याच वाहिनीवर राहुल महाजनचं स्वयंवर झालं. आता निवडणारा मुलगा आणि रांगेत मुली. आमच्याच टीव्ही रूममध्ये चर्चेचा विषय बदलला. कोणती दिसायला बरी, कोणती जास्त बोलते, कोणती रडते. "हा कोण लागून गेला निवडणारा" असं एकही जण म्हणाला नाही. त्याने कार्यक्रमातच लग्न केलं, तेही पुढे टिकलं नाही. तरी फसवल्याचा आरोप कुणी केला नाही.

म्हणजे अवघडलेपण दोघांचं असतं, पण त्याचं बिल एकाच्याच नावावर फाडलं जातं.

याला पुरावा म्हणून दुसऱ्या पिढीचं सांगतो. जुलै २०२०, लॉकडाऊन, कॉलेज ऑनलाइन. नेटफ्लिक्सवर 'इंडियन मॅचमेकिंग' आलं. मुंबईच्या सीमा तपारिया स्थळं घेऊन भारतात आणि अमेरिकेत फिरतात, मुलं-मुली भेटतात, आणि आपण बघत बसतो. सीमाताईंचा सल्ला असा की मनातल्या अपेक्षांपैकी साठ-सत्तर टक्के जुळलं तरी समाधान माना. (आमच्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात, त्यामुळे होस्टेलच्या मुलांना तो लगेच पटला.) त्यात ह्यूस्टनची वकील अपर्णा शेवक्रमानी होती. आपल्याला काय हवं ते तिला नेमकं माहीत होतं आणि ती ते तोंडावर सांगायची. माझ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्यावरचे जोक आठवडाभर चालले. त्याच कार्यक्रमात शे-दीडशे स्थळं पाहून झालेला मुंबईचा एक तरुणही होता. त्याच्यावरही जोक झाले, पण ते लाडाचे. "भाई का स्टँडर्ड हाय है!" पुढे वारं फिरलं, अपर्णाच्या बाजूनेही बरेच लोक बोलायला लागले. तिने २०२२ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि लोकांनी तिला लावलेलं 'न आवडणारी' हे विशेषणच त्याच्या नावात घातलं. बाकी त्या पहिल्या सीझनमध्ये जमलेली एकही जोडी टिकली नाही, म्हणजे सगळ्यांचंच सारखं फसलं होतं!

आता कुणी म्हणेल, सर, माणूस हसणारच, त्यात एवढं काय? बरोबर आहे. हसू नका असं मी म्हणत नाहीच. पण लोक नेहमीच हसतात असंही नाही. कधी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याला गेलात? नसाल तर जा, जेवणही चांगलं असतं. मोठा हॉल, स्टेज, माइक. एकेकाने वर जायचं, नाव, शिक्षण, उंची, नोकरी, अपेक्षा सांगायच्या. खाली शेकडो लोक परिचय पुस्तिका मांडीवर घेऊन पेनाने खुणा करताहेत. याहून मोठा डेटिंग शो जगात नसेल! ताईसोबत मी अशा एका मेळाव्याला गेलो होतो. एक मुलगा स्टेजवर गेला, नाव सांगितलं आणि पुढचं सगळं विसरला. नुसता माइक धरून उभा. टीव्ही रूम असती तर छप्पर उडालं असतं. इथे मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या हॉलने. तो हसला, खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली.

ही माणसं काही टीव्हीवाल्यांपेक्षा वेगळी नव्हती, तीच घरी जाऊन राखीवर हसणारी. पण त्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या शेजारी आपला मुलगा किंवा मुलगी नंबरची वाट पाहत बसली होती. माझ्या शेजारी ताई होती. टाळी तिनेही वाजवली, आणि मी पाहिलं, तिचे हात थंडगार पडले होते. त्या दिवशी तिनेही स्टेजवर जाऊन चार वाक्यं सांगितली. अपेक्षांमध्ये तिने एवढंच सांगितलं, "बोलता आलं पाहिजे, आणि ऐकताही."

ताईचं जमलं ते शेवटी मंडईत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक किंवा दंडार असते, घराघरात पाहुणे येतात आणि त्यातच सोयरिकीची बोलणी निघतात. २०१० च्या मंडईला असेच एक पाहुणे आले. मुलगा कृषी केंद्रात कामाला. मोठ्यांनी उदार होऊन दोघांना मागच्या आवारात पाच मिनिटं बोलायला दिली. कुंपणावर गावातली झाडून सगळी पोरं. बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी मुलगा आजूबाजूला पाहत म्हणाला, "तुमच्या विहिरीले उन्हाळ्यात पाणी राहते काय?"

कुंपण हसून हसून कोसळायचं बाकी होतं. गावाने त्यांचं नाव तेव्हाच ठेवलं, 'विहीरवाले पाहुणे'. आजही जावईबापू आले की म्हातारी माणसं विचारतात, पाणी किती हातांवर आहे!

ताईने मात्र उत्तर दिलं होतं. "चैतापर्यंत राहते. मंग दोराले चार हात जोड द्या लागते." त्याने विचारलं, "कोण काढते पाणी?" "मीच." मग दोराबद्दल, रहाटाबद्दल, धानाबद्दल, तिच्या डी.एड.बद्दल ती बोलत राहिली. पाच मिनिटांची वीस झाली. नंतर आईने विचारलं, हाच काहून पसंत केला? ताई म्हणाली, "बाकीच्यायनं परीक्षा घेतली. यानं मले येते असा प्रश्न विचारला."

गेल्या महिन्यात राउंडला गेलो तर फायनल इयरचा एक मुलगा जिन्यात एकटाच बसलेला. नोकरी लागली आहे, घरच्यांनी घाई केली आहे, रविवारी गोंदियातच मुलगी पाहायला जायचं आहे. चेहरा सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखा. म्हणाला, "सर, काही सुचलंच नाही तर काय बोलू?"

मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने ती अगदी गंभीरपणे ऐकून घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "पण सर, त्यांच्याकडे तं नळ आहे."

म्हटलं, "मग नळाला पाणी किती वाजता येतं, ते विचार. आणि ती सांगायला लागली की मधे बोलू नको."