ढोंग नव्हतं ते!

माझा भाचा आता ४८ वर्षांचा आहे. लहानपणापासून त्याला घरीदारी एकच बिरुद, आळशी. पर्वतीच्या वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की त्याच्या मांड्या दगडासारख्या व्हायच्या आणि स्वारी खाली बसायची. जरा थांबून हळूहळू निघाला की मात्र सगळ्यांच्या बरोबरीनं वर! मग काय, "बघा, ढोंग होतं!"

मंडळी, ती रोगाचीच खूण होती. पण ते कळायला २०१९ उजाडलं.

मधल्या काळात यकृताचे उपचार झाले. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले, म्हणून "दारू घेता का?" हा प्रश्न सुपारीही न खाणाऱ्या माणसाला! ही द्रव्यं दुखावलेल्या स्नायूंतूनही येतात. असो. त्या वर्षी त्यानं कपाट सरकवलं आणि संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. रक्तातलं सीपीके एरवी साधारण दोनशेच्या आत असतं, त्याचं पन्नास हजारांवर. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली.

तिथे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दहा मिनिटं चाललात की बरं वाटतं का?" एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मॅकआर्डलचा आजार. स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. तो फोडणारं मायोफॉस्फोरायलेज याच्या स्नायूंत नाही. कोठी भरलेली, किल्ली हरवलेली! आठ-दहा मिनिटांनी रक्तातून साखर आणि चरबी पोचू लागते, म्हणून पाय चालतात. लंडनच्या डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ साली असा पहिला रुग्ण नोंदवला. हाताचा व्यायाम करवूनही त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढत नव्हतं. निदानासाठी पूर्वी स्नायूचा तुकडा काढावा लागे, आता बहुतेकदा रक्तातून जनुक तपासून भागतं. भाच्याचं तसंच झालं.

दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. ताईला आत्याच्याच घरी दिलेली. डॉक्टरीणबाई कागदावर वंशावळ काढत होत्या तेव्हा ताई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी त्याला जन्मभर ऊठ ऊठच करत राहिले गं."

औषध नाही. जड उचलायचं नाही, सुरुवात सावकाश करायची, एवढंच. भाचा मात्र खूष आहे, त्याला त्या नावाचं फार अप्रूप.

आता त्याच्या धाकट्या बहिणीचं रक्त तपासायला गेलंय. तीही जिन्यात थांबते. प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता, असं बाई म्हणाल्या. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल.