गाड्या गेल्या, आगार राहिले

तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची पेटी असेलच. आमच्याही होती. ती आता नाही. ती कशी गेली आणि ती गेल्यावर मला काय सुचले, तेवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

आमचे गाव नाते, महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली इथेच जन्मले. पण या मुलखातून मुंबई गाठणारे आमच्यासारखे लोक गेले ते गिरणीत, गोदीत, नाहीतर गाडीवर. आमचे अण्णा ट्रामवर कंडक्टर होते. भात लावणीला रजा काढून यायचे, आणि चिखलाचे पाय धुऊन पुन्हा खाकी डगला चढवून जायचे.

मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची ट्राम धावली. त्या रात्रीची गर्दी अण्णा फार वेळा सांगत. पुढे ते बसगाडीवर गेले, निवृत्त झाले, गावी येऊन शेती पाहू लागले. पण दादरचे नाव निघाले की म्हणत, "अरे, दादर टी. टी. म्हणजे काय ठाऊक आहे का? ट्राम टर्मिनस! ट्राम गेली, रूळ गेले, पण नाव काही गेले नाही."

२०१० च्या मे महिन्यात मी त्यांना मुंबईला आणिक आगारात घेऊन गेलो. तिथे बेस्टचे संग्रहालय आहे. आधी ते १९८४ साली कुर्ल्याला सुरू झाले, १९९३ साली आणिकला आले. खाली बसगाड्यांची ये-जा, डिझेलचा वास, आणि वर तिसऱ्या मजल्यावर हा जुना संसार मांडलेला. ट्रामच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे. अण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. काठी टेकत एकेका वस्तूपुढे थांबत होते. शाळेची काही मुले आली होती. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही खरंच ट्रामवर होता?" मग अर्धा तास अण्णांनी त्या मुलांना हलू दिले नाही. उभ्या आयुष्यात आम्हा भावंडांना जे सांगितले नव्हते, ते त्यांनी त्या परक्या पोरांना सांगितले. विचारणारे कोणी भेटले, म्हणून सांगितले. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

परतताना मी म्हटले, "अण्णा, तुमचा पितळी बिल्ला, डगला आणि तो फोटो इथे देऊया का?" ते लगेच हो म्हणाले. पण मी म्हटले, "बघू, पुढच्या खेपेला."

ती पुढची खेप आलीच नाही. दोन वर्षांनी अण्णा गेले. घराचे छप्पर उतरवायचे होते म्हणून पेटी महाडात आक्काकडे नेऊन ठेवली. २०२१ च्या जुलैत महाडात पूर आला, तो तुम्ही ऐकला असेल, काहींनी सोसलाही असेल. आक्काच्या घरात पाणी शिरले. माणसे वर चढली, वाचली. पेटी खालच्या खोलीत होती. चार दिवसांनी गाळ उपसला तेव्हा डगल्याचा लगदा झालेला, फोटो कोरा पांढरा, आणि बिल्ला सापडलाच नाही. आक्का रडली. मी तिला काय बोलणार? चूक माझीच होती.

तेव्हापासून मला एक गोष्ट पटली आहे. घर कितीही मायेचे असले तरी ते आठवणी राखायला पुरे पडत नाही. छप्पर बदलते, वाटण्या होतात, पूर येतो, भंगारवाला येतो. त्यासाठी सगळ्यांची मिळून एक जागा लागते.

आणि तशी जागा नवी बांधावीच लागते असे नाही. पॅरिसला १९०० सालचे रेल्वे स्थानक १९८६ मध्ये चित्रांचे संग्रहालय झाले. मॉस्कोतल्या जुन्या बस आगारात २०१२ पासून संग्रहालय आहे. कोलकात्यात गरियाहाटच्या ट्राम आगारात २०२० साली जुन्या ट्राम मांडून संग्रहालय उघडले. अ‍ॅमस्टरडॅमला ट्रामच्या मोठ्या शेड कित्येक वर्षे ओस पडल्या होत्या. २०१४ पासून तिथे वाचनालय, चित्रपटगृह, खाण्याची दुकाने आणि कारागिरांची कामे एकाच छपराखाली चालू लागली.

आगारेच का, असे तुम्ही विचाराल. कारण सोपे आहे. आगाराचे छप्पर उंच असते, मध्ये खांब कमी असतात, दारे रुंद असतात आणि जागा रस्त्याला लागून असते. बैलगाडी आत न्यायची म्हटली तरी अडत नाही. पण अडचणीही आहेत. वर्षानुवर्षे तेल झिरपून जमीन खराब झालेली असते, पत्रा गळतो, गाड्यांखाली उतरून काम करायचे खड्डे बुजवावे लागतात. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी पुराची रेघ पाहावी लागते. आणिकचे संग्रहालय तिसऱ्या मजल्यावर आहे, हे मला आक्काच्या घरातला गाळ काढताना आठवले.

दुसरी गोष्ट पैशाची. नुसते संग्रहालय पोट भरत नाही. पहिल्या वर्षी लोक येतात, मग कुलूप लागते. म्हणून शेजारी उपाहारगृह, बचत गटाच्या बायकांचे पापड-कुळथाचे दुकान, मुलांची अभ्यासिका, आठवडी बाजाराची जागा असावी. त्यांच्या भाड्यातून दिव्याचे बिल आणि राखणदाराचा पगार निघतो. आपण नाही का, बांधावर तूर लावतो? भात मुख्य पीक, पण तुरीने घराला हातभार लागतो. तसेच हे.

आमच्या भागात हजारो लोक रायगड पाहायला येतात आणि तसेच परत जातात. एखादी पडीक शेड, बंद पडलेली गिरणी, जुना गाडीखाना अशा कामी आला, तर त्या वाटसरूंना इरले, पायली, नांगर, जू आणि चाकरमान्यांच्या खाकी डगल्याचीही गोष्ट कळेल. ते होईल तेव्हा होईल. त्यासाठी ग्रामसभेत बोलावे लागेल, आणि मी बोलणार आहे.

तोवर तुम्ही एवढे करा. आज संध्याकाळी माळ्यावरची पेटी खाली काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एकेक वस्तू कोणाची, कधीची, कशासाठी, ते विचारून चिठ्ठीवर लिहा. फोटोची एक प्रत काढून दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवा. पेटी पुन्हा उंचावर ठेवा. आणि कोणी म्हणाले, "ही वस्तू जपणाऱ्याच्या हाती देऊया," तर माझ्यासारखे "बघू पुढच्या खेपेला" म्हणू नका.