सर गेले, आणि सामना तोंडावर आहे

घरातलं माणूस गेलं की पुढच्या दिवसांना आपल्याकडे एक क्रम असतो. दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं आणि त्या ठरलेपणाचा फार आधार वाटतो. संघाचे प्रशिक्षक अचानक गेले तर खेळाडूंपुढे असा कोणताच क्रम नसतो. असतं ते फक्त सामन्यांचं वेळापत्रक. ते आधीच निघालेलं असतं आणि कुणासाठी थांबत नाही.

क्रीडा मानसशास्त्र हा माझा व्यवसाय. महाविद्यालयीन संघांबरोबर मी काम करते. समाज ज्याला शोक म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९मध्ये केली. खेळाडूंचं दुःख मला त्यातलंच वाटतं. वीस वर्षांच्या पोराला सरांचं सुतक नसतं, त्याच्या घरी भेटायला कोणी येत नाही, प्राचार्य शोकसभेत दोन मिनिटं उभं करतात आणि मग तास सुरू होतात. पण त्याला पहाटे मैदानावर ओढून आणणारा, त्याचा दुखरा गुडघा, घरची ओढाताण आणि राहिलेली केटी, सगळ्याची खबर ठेवणारा माणूस म्हणजे सरच होते.

या नात्यात एक गाठ असते, तिच्याकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं. प्रशिक्षकाचं कामच चुका काढायचं. त्यामुळे ते अचानक जातात तेव्हा अनेक मुलांच्या कानात त्यांचं शेवटचं वाक्य असतं ते रागावण्याचं. शेवटच्या संघातून ज्याला वगळलं होतं, त्याची अवस्था आणखी अवघड. त्याच्या मनात राग होता, तो राग आता कोणाकडे न्यायचा? कर्णधाराभोवती सगळे जमतात, या मुलाला कोणी विचारत नाही. मी आधी त्याच्याजवळ जाऊन बसते. रागवायचा तुला हक्क होता आणि सरांना तो कळतही होता, एवढं त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

आणि मग येते ती हमखास घोषणा : ‘हा सामना सरांसाठी जिंकायचा.’ बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं, तरी मी तिला ठाम विरोध करते. तिचा अर्थ मुलांना असा लागतो की हरलो तर आपलं प्रेम कमी पडलं.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात प्रशिक्षकाचं स्थान फार मोठं असतं. मुलं महाविद्यालय निवडतात ती बऱ्याचदा त्याच्याकडे बघून. त्यामुळे असे प्रसंग तिथे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतात आणि माझ्यासारखीला त्यातून शिकता येतं. २९ जून २००६ रोजी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रँडी वॉकर छातीत कळ येऊन गेले. वय ५२. मोसम दोन महिन्यांवर होता. त्यांच्या जागी आले त्यांचेच सहायक पॅट फिट्झगेराल्ड, अवघे ३१ वर्षांचे. पहिला सामना कुठे, तर ओहायोतल्या मायामी विद्यापीठात. वॉकर तिथेच शिकले, खेळले आणि पुढे तिथेच प्रशिक्षक झाले होते. नॉर्थवेस्टर्नने तो २१-३ असा जिंकला. इथे थांबलं तर गोष्ट छान वाटते. पण ऑक्टोबरमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध ३८-३ अशी आघाडी असताना हाच संघ ४१-३८ असा हरला. मोसम संपला तेव्हा विजय चार आणि पराभव आठ होते. त्या पराभवांचं कारण दुःखच होतं असं मी म्हणणार नाही, खेळात हजार कारणं असतात. मला दिसतो तो पहिला विजय झाल्यावरचा लांबलचक काळ. त्या काळाकडे कोणाचा कॅमेरा नसतो आणि मुलांची खरी घसरण तिथेच होते.

मिसिसिपी स्टेटच्या मुलांनी जे केलं ते मी माझ्या खेळाडूंना नेहमी सांगते. त्यांचे प्रशिक्षक माइक लीच हृदयविकाराच्या गुंतागुंतीने १२ डिसेंबर २०२२ रोजी गेले. वय ६१. कायद्याची पदवी घेतलेला, महाविद्यालयात कधी फुटबॉल न खेळलेला हा माणूस ‘एअर रेड’ या, चेंडू सतत फेकत राहणाऱ्या शैलीसाठी देशभर ओळखला जायचा. त्याच आठवड्यात सहायक झॅक आर्नेट यांच्याकडे संघ सोपवला गेला. इतकी घाई बाहेरून निष्ठुर वाटते. मला ती योग्य वाटते. उद्या शिट्टी कोण वाजवणार हे कळल्याशिवाय मुलांना नीट रडताही येत नाही.

२ जानेवारीला टँपा इथे इलिनॉयशी सामना होता. चेंडू पहिल्यांदा हाती आला तेव्हा ही मुलं लीच यांच्या त्या मैदानभर पसरलेल्या रचनेत उभी राहिली आणि खेळलीच नाहीत. त्या खेळीसाठीची घड्याळातली वेळ संपू दिली. नियमानुसार वेळकाढूपणाचा दंड झाला. इलिनॉयने त्याचा फायदा घ्यायला नकार दिला. मग खरा खेळ सुरू झाला आणि मिसिसिपी स्टेट १९-१० असा जिंकला. हरला असता तरी माझं मत बदललं नसतं. सरांची आठवण त्यांनी सरांनीच शिकवलेल्या भाषेत, अंगाने व्यक्त केली आणि गुणफलकाशी तिचा संबंध ठेवला नाही. बोलून दाखव म्हटलं की गप्प होणारी मुलं उभं राहायची जागा दाखवली की मोकळी होतात, हे मी कबड्डीच्या मॅटवरही पाहिलं आहे.

म्हणून आपल्या महाविद्यालयांकडे माझं मागणं आहे. फोटोला हार घाला, पण पहिला सराव सरांच्याच पद्धतीने होऊ द्या, त्यांनी ज्या क्रमाने व्यायाम घेतले त्याच क्रमाने. नवे प्रशिक्षक शक्यतो मुलांच्या ओळखीतले असू द्या. पुढच्या जूनमध्ये सरांना कधीच न पाहिलेली मुलं संघात येतील आणि जुन्यांना त्यांचा उगाच राग येईल. तेव्हा कोणीतरी दोघांच्या मध्ये असू द्या. सरांनी निवडलेली शेवटची तुकडी तिसरं वर्ष संपवून बाहेर पडेपर्यंत मानसशास्त्रज्ञाचा करार चालू ठेवा. पहिल्या महिन्यानंतर तो बंद करण्याची पद्धत आहे, आणि मुलं माझ्याकडे आपणहून येऊ लागतात ती साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात.