पाऊस पडत असताना खिडकी उघडायची

कोकणात वाढलेल्या माणसाला बुरशीचं नवल नसतं. आषाढ लागला की चामड्याच्या चपलांवर हिरवट थर येतो, कपाट उघडलं की कुबट वास येतो. लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला की बुरा धरतो आणि मग घरातल्या प्रत्येकाची चौकशी होते. चिपळूणच्या आमच्या घरी हे सगळं ठरलेलं. पण त्याचा शेवटही ठरलेला असायचा. नवरात्राच्या आसपास ऊन पडलं की गाद्या, गोधड्या, पुस्तकं, सुटकेसा अंगणात येत. दोन दिवस ऊन खाल्लं की घर पुन्हा माणसांत यायचं.

लीड्समधल्या बुरशीला असा ऋतू नव्हता.

तिथे शिकायला गेले तेव्हा आम्ही चौघींनी हाइड पार्क भागात एक जुनं विटांचं घर भाड्याने घेतलं. विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर, भाडं जेमतेम परवडणारं. नोव्हेंबरात कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कपाटामागे, भिंतीवर काळे ठिपके दिसले. मिरपूड उडाल्यासारखे. डिसेंबरात ते छताला टेकले. तिला लहानपणापासून दमा. उशीजवळ पंप ठेवूनच झोपायची. आता तो रात्री दोनदा लागायला लागला.

आम्ही घर देणाऱ्या एजंटला फोटो पाठवले. उत्तर आलं, अगदी सभ्य. स्वयंपाक करताना झाकण ठेवा, कपडे घरात वाळत घालू नका, खिडक्या उघडत जा, हीटर पुरेसा वेळ चालू ठेवा. थोडक्यात, घर ठीक आहे, तुम्ही राहता त्यात खोट आहे.

"आमटीला फोडणी दिली म्हणून भिंत काळी झाली म्हणे," मैत्रीण म्हणाली. हसता हसता तिला खोकला आला.

गंमत अशी की त्या मेलमधला प्रत्येक सल्ला सुटा घेतला तर बरोबर होता. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, ५ अंशांची हवा सातच्या आसपास. चार माणसांचे श्वास, कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची अंघोळ यांची वाफ घरभर फिरते आणि जिथे थंड पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी होऊन बसते. धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा खोलीत वाळवला तर साधारण दोन लिटर पाणी हवेत जातं. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या भिंतीवर दव धरायला लागतं. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची हवा बरेच दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर दमट राहिली की तिला पुरतं. कपाटामागे हवा हलत नाही, खोलीची ऊब पोचत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

आणि खिडकी? इथे माझ्या आईचा आणि त्या एजंटचा सरळ वाद होता. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, "अगं, बाहेर पाऊस दिसतोय आणि खिडकी सताड उघडी? लाव ती आधी, घरात ओल येईल." चिपळूणच्या हिशेबाने तिचं म्हणणं पक्कं आहे. जुलैत २७ अंशांच्या हवेत ९० टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटरमागे तेवीस ग्रॅम पाणी असतं. खिडकी उघडली की ते घरात. लीड्सच्या जानेवारीत, भुरभुर पाऊस चालू असताना, ५ अंशांच्या हवेत जेमतेम सहा ग्रॅम असतं. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते. बाहेर सगळं चिंब दिसत असतं आणि तरी ती हवा घर वाळवते. आईला हे तीनदा समजावलं. ती म्हणाली, "बरं, पण मफलर घाल."

मग सल्ला बरोबर असूनही भिंत काळी का? याचं उत्तर घरातच होतं.

आमचं घर 'बॅक-टू-बॅक' होतं. म्हणजे दोन ओळींतली घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागची भिंत दुसऱ्या कुटुंबाची, डावी-उजवी शेजाऱ्यांची. खिडक्या फक्त पुढे. वाऱ्याला आत यायला वाट आहे, पार जायला नाही. कारखान्यांच्या काळात कामगारांसाठी अशी घरं हजारोंनी उभी राहिली. हवा खेळत नाही, आजार पसरतात, म्हणून १९०९ च्या कायद्याने नव्या घरांना बंदी घातली. लीड्समध्ये मात्र आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारावर ती १९३७ पर्यंत बांधली जात राहिली, आणि आजही हजारो कुटुंबं त्यांत राहतात.

तरी मूळ घराला श्वास होता. खोलीत कोळशाची शेगडी, तिची चिमणी दिवसभर हवा वर ओढायची. वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून नवी हवा यायची. आमच्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांमधून जायचा, तसंच काहीसं. पुढे शेगड्या बुजवल्या, चिमण्यांची तोंडं बंद केली, लाकडी खिडक्या जाऊन दुहेरी काचांच्या घट्ट प्लास्टिकच्या खिडक्या आल्या. थंडी अडवायला हे सगळं योग्यच. पण नऊ इंची भरीव विटांची भिंत होती तशीच थंड राहिली आणि जुन्या वाटांच्या जागी नव्या केल्या नाहीत. आमच्या बाथरूममधला पंखा नुसता गुणगुणायचा. त्याच्या जाळीवर धरलेला कागद खाली पडायचा. इंग्लंडच्या नियमांनुसार नव्या कामात अशा पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी.

त्याच सुमारास आम्ही अवाब इशाकबद्दल वाचलं. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधला दोन वर्षांचा मुलगा. कुटुंब सुदानहून आलेलं. वडिलांनी बुरशीची तक्रार केली, तर रंग मारा असं सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये तो गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष दिला की, घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनाच्या विकाराने हा मृत्यू झाला. कुटुंबाच्या राहणीविषयी आपण गृहीतकं धरली होती, हे घर देणाऱ्या संस्थेने नंतर कबूल केलं. त्याच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत काम, ओल-बुरशीचा गंभीर धोका दिसला तर दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी. खासगी भाडेकरूंनाही तो लागू करण्याची तरतूद आता कायद्यात आहे.

ते वाचल्यावर एजंटचा मेल वेगळा दिसायला लागला. 'राहणीमान' हा शब्द त्यातही होता.

आम्ही आमच्या परीने कामाला लागलो. मैत्रिणीचा पलंग आतल्या भिंतीला नेला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. खिडक्यांच्या माथ्यावरच्या, आधीच्या कुणीतरी टेपने बंद केलेल्या हवेच्या चिरा उघडल्या. सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघड्या. ठिपके कोरडे घासले तर बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून मास्क आणि हातमोजे घालून बुरशीनाशक लावून पुसले. दमा असलेलीला त्या दिवशी वाचनालयात पाठवलं. आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र आणून रोज दोनदा आकडा लिहायला लागलो. अंघोळीनंतर तीन तासांनीही ७८.

एजंटने एक माणूस पाठवला, त्याने कोपऱ्यावर पांढरा रंग मारला. पाच आठवड्यांत ठिपके रंगातून वर आले. मग आम्ही आकड्यांची वही, तारखांसह फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र पाठवली. फेब्रुवारीत नवा पंखा आला, दिवा बंद झाल्यावरही पंधरा मिनिटं चालणारा. आकडा साठच्या खाली उतरला. रात्रीचा पंप आठवड्यातून एकदाच लागायला लागला.

तिकडे घर शोधत असाल तर व्हिडिओवर खोली दाखवताना खिडकीबाहेरचं झाड बघू नका. बाथरूमचा पंखा चालू करून त्याच्यावर कागद धरायला सांगा. कपाटामागची भिंत दाखवायला सांगा. एकाच कोपऱ्याला ताजा पांढरा रंग असेल, तर तो का दिला ते विचारा. आणि राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

खिडकी उघडणं भाडेकरूच्या हातात असतं, ते त्याने करावं. आम्ही पाऊस असो नसो, रोज उघडली. पलंगही हलवला. भिंत उबदार करणं मात्र आमच्या हातात नव्हतं. आम्ही निघालो तेव्हाही ती हाताला तितकीच गार लागत होती, आणि पुढच्या सप्टेंबरसाठी ते घर भाड्याने गेलंही होतं.