चाकांवरचे घर आणि विम्याचा कागद

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जाण्याचा योग आला. मुक्काम नारायणगुड्यात होता. या भागातील केशव मेमोरियल ही शाळा १९४० साली निघाली आणि ती ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते केशवराव कोरटकर मराठी भाषकच. तेव्हा आपल्या बोलीस हा मुलूख अगदीच परका नाही. आमच्या यजमानांच्या अंगणात एक लांबरुंद पांढरी गाडी उभी होती. खिडक्यांस पडदे, दाराशी दोन जोड चपला आणि आतून येणारा फोडणीचा वास. प्रथम आम्हांस वाटले, कोणी सहलीस आलेले असावेत. पण ते त्या गाडीत राहणारे बिऱ्हाड होते.

गृहस्थ मूळचे वसईकडील. उभा जन्म सिकंदराबादेकडे कारखान्यात गेला. बाई परिचारिका होत्या. मुले परदेशी. २०१८ साली त्यांनी राहती सदनिका विकली व आलेल्या पैशांतून हे चाकांवरचे घर बांधवून घेतले. आत झोपण्याचा बाक, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या पाट्या. वर्षातील बराचसा काळ ही उभयता फिरतीवर असतात, आणि मधूनमधून जुन्या सहकाऱ्याच्या या अंगणात येऊन थांबतात. पत्रेही त्याच्याच पत्त्यावर येतात.

आम्ही आल्याचे कळताच बाईंनी कागदांचे एक जाड पाकीट आमच्यापुढे ठेवले. "फादर, नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. मागच्या खेपेस आम्ही वाचले नाही आणि फसलो. या वेळी तुम्ही बसा आमच्याबरोबर." धर्मगुरूपाशी लोक सातबाऱ्यापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सारे काही वाचून घ्यावयास आणतात, हे आपल्या गावांतून कोणास सांगावयास नको. आम्ही बसलो.

मागच्या खेपेस काय झाले, ते आधी सांगितले पाहिजे. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत न भूतो असा पाऊस झाला. गाडी तेव्हा शहरातच एका सखल गल्लीत उभी होती. पाणी पायरीच्या वर चढले तेव्हा गृहस्थांनी गाडी उंचावर न्यावी म्हणून यंत्र सुरू केले. तेथेच घात झाला. यंत्रात पाणी ओढले गेले व ते आतून मोडले. दोघांनी ती रात्र एका दुकानाच्या माडीवर काढली. सकाळी परतून पाहतात तो गाद्या, कपडे, औषधे, मुलांच्या लहानपणीच्या तसबिरी आणि बाईंच्या आईचे शिवणयंत्र चिखलात.

विम्याचा पाहणीदार आला. पुराने गाडीच्या सांगाड्याचे व तारांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई मिळाली. मोडलेल्या यंत्राची मिळाली नाही; कारण पाण्यात असताना ते सुरू केल्याने मोडले, पुराने थेट नव्हे. त्यासाठी जोडविमा वेगळा घ्यावा लागतो. आणि आतील सामानाविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "हा गाडीचा विमा आहे, घराचा नाही."

हे वाक्य आम्हांस त्या दुपारी पुन्हा पुन्हा आठवत राहिले, कारण पाकिटातील प्रत्येक कागद तेच म्हणत होता.

रस्त्यावरील प्रत्येक गाडीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. पण तो ज्यास आपल्या गाडीची धडक बसेल त्याच्यासाठी; मालकाची स्वतःची वस्तू त्यात येत नाही. मालकाने सर्वंकष विमा घेतला तर आग, स्फोट, चोरी, पूर, वादळ, भूकंप, दरड यांपासून गाडीस संरक्षण मिळते. गाडीस, गाडीतल्या संसारास नव्हे. बरे, घराचा विमा घ्यावा, तर १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी द्यावयाचा 'भारत गृह रक्षा' नावाचा एक चांगला, सोप्या शब्दांतला विमा आहे. त्यात इमारतीबरोबर घरातील सामानही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र १० लाखांच्या आत, आपोआप धरले जाते. पण त्यास इमारत हवी. जोते हवे. चाके चालत नाहीत.

स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. तेल कंपन्या ग्राहकांसाठी जो अपघात विमा काढून ठेवतात, त्यात मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरील जागेपुरती असते. या बाईंचे सिलिंडर नोंदले आहे नारायणगुड्यास आणि डाळ शिजते कधी बिदरला, कधी कोकणात!

आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस हे नवल वाटणार नाही. आठ-आठ दिवस जो बोटीवर जेवतो, झोपतो, त्याच्या बोटीचा विमा उतरला म्हणजे त्याच्या अंथरुणाचा उतरला असे कोणी समजत नाही. पण कोळ्यास किनाऱ्यावर घर असते. या दोघांस नाही, हा फरक आहे. अमेरिकेत असे बारमाही गाडीतच राहणारे लोक पुष्कळ असल्याने तेथील कंपन्या त्यांच्यासाठी गाडी व घर मिळून एकच विमा देतात. आपल्याकडे असा एकत्र कागद आमच्या पाहण्यात आला नाही.

मग करावयाचे काय? दुपारभर बसून आम्ही जे केले ते असे. गाडीची किंमत विमा कंपनी दरवर्षी घटवीत जाते. रूढ कोष्टकाप्रमाणे दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी ५०. पुढे उभयतांच्या संमतीने. परंतु कारखान्यातून आलेल्या गाडीवर मागाहून जे बसविले, ते वेगळे जाहीर केल्याखेरीज त्या किमतीत येत नाही. विजेची उपकरणे एका यादीत, बाक-ओटा-कपाटे दुसऱ्या यादीत, आणि प्रत्येकासमोर पावतीची रक्कम. बाईंनी पावत्या जपल्या होत्या. गृहस्थांनी जपल्या नव्हत्या, आणि यावरून थोडा वादही झाला. यंत्रात पाणी शिरण्याचा जोडविमा घ्यावयाचे ठरले. वैयक्तिक सामानाचाही एक जोडविमा काही कंपन्या देतात, पण त्याची मर्यादा लहान असते व रोकड-दागिने त्यात नसतात. बाईंनी तोही लिहून घेतला.

नोंदणीच्या बाबतीत या दोघांनी शहाणपणा केला होता. गाडी पहिल्यापासून खाजगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदलेली. आपल्याकडे कोणी जुनी प्रवासी गाडी विकत घेऊन परस्पर आत घर थाटील, तर त्याने सावध असावे. कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निर्णय यांनुसार कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत मन मानेल तसा बदल करता येत नाही; आणि नोंदणीपुस्तकात एक व रस्त्यावर दुसरे असे असेल, तर भरपाईच्या वेळी कंपनी नेमके तेथेच बोट ठेवते. एका ओळखीच्याने लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी भाड्याने मागितली होती. आम्ही स्पष्ट नको म्हटले. खाजगी गाडी पैसे घेऊन वापरली की विम्याची अट मोडली.

गृहस्थांनी विचारले, "तेव्हाच्या सामानासाठी आता कोठे दाद मागता येईल का?" हैदराबादेस विमा लोकपालाची कचेरी आहे, तेथे तक्रारीस शुल्क नाही, विम्याचे नियमन करणारे प्राधिकरणही याच शहरात, कैक वर्षे तर जवळच बशीरबागेत होते. पण लोकपाल करारात लिहिलेले मिळवून देतो. न लिहिलेले तो कोठून देणार? शिवाय कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. ते ऐकून ते गप्प झाले. आम्हांसही बोलवेना.

सायंकाळी एजंट आला. याद्या पाहून तो प्रथम हसला, "भांड्यांचेही लिहिले की काय?" मग बाईंनी त्यास २०२० चे सांगितले. तो बसला, चहा घेतला आणि याद्या एकेक ओळ तपासू लागला. हप्ता वाढणार, हे त्याने सांगितले. ते अपेक्षितच होते. आतील कपडेलत्ते व भांड्यांविषयी वरिष्ठांस लिहून विचारतो, म्हणाला. बाईंनी ते विचारणे लेखी हवे, उत्तरही लेखी हवे, असा हट्ट धरला. आम्ही त्यांची बाजू घेतली.

अर्जात एक रकाना होता: कायमचा पत्ता. गृहस्थांनी यजमानांकडे पाहिले. यजमान म्हणाले, "लिहा की, नारायणगुडा. विचारता काय?" आम्ही निघालो तोवर कंपनीचे उत्तर यावयाचे होते.